पेट्रोल इंजिनच्या मॉडेल विमानाचा सायलेन्सर: निवडायचा कसा, बसवायचा कसा, टिकवायचा कसा

मराठीत मफलर म्हटलं की आधी गळ्यातला लोकरीचा मफलर आठवतो. इंजिनच्या खोक्यावर तोच शब्द छापलेला असतो, पण मी आपलं सायलेन्सरच म्हणणार.

माझं पहिलं ३० सीसीचं विमान. चौथं की पाचवं उड्डाण असेल. लूपमधून बाहेर पडताना इंजिनचा आवाज एकदम बदलला. गोल, घुमणारा आवाज होता, तो फाटका, कडकडता झाला. घाईने उतरवलं. काउलला, म्हणजे इंजिनवरच्या आवरणाला, तपकिरी फोड आलेला, सायलेन्सरचा एक बोल्ट गायब आणि दुसरा दोन आट्यांवर लटकलेला. इंजिन नवं, सायलेन्सर नवा, वस्तूत काही खोट नव्हती. मी साधा स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट एकदा आवळले होते आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. सायलेन्सर स्वतः क्वचित बिघडतो, बिघडतो तो त्याचा जोड. म्हणून या लेखात निवडीपेक्षा बसवण्यावर जास्त बोलणार आहे.

खरेदीआधी: हा डबा करतो काय?

आपली बहुतेक पेट्रोल इंजिनं टू-स्ट्रोक. त्यांच्या सिलिंडरला झडपा नसतात. पिस्टन खाली जाताना आधी एक्झॉस्टचं भोक उघडतं, मग ताजं मिश्रण आत येणारी भोकं उघडतात, आणि काही क्षण दोन्ही उघडीच असतात. त्या क्षणात थोडं ताजं मिश्रण जळलेल्या धुराबरोबर बाहेर निसटतं. बाहेर पुढे काय जोडलंय, किती मोकळं आहे, यावर किती निसटणार हे ठरतं. म्हणून सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नाही, इंजिनच्या श्वासाचा भाग आहे. तो फार चिंचोळा असेल तर धूर अडतो, सिलिंडर तापतो, ताकद उतरते. आवाज कमी व्हावा म्हणून बाहेरच्या नळ्या पकडीने चेपणारे भेटतात. त्यांना हात जोडून सांगावं, हे करू नका.

ग्लो इंजिनवरून (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनवरून) पेट्रोलकडे येणाऱ्यांसाठी एक इशारा. ग्लोमध्ये सायलेन्सरच्या नळीतून टाकीला दाब देतात. पेट्रोल इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये पडद्याचा पंप असतो, तो स्वतः इंधन ओढतो. टाकीची हवेची नळी बाहेर मोकळी सोडायची. सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी एकमेकांना जोडायची नाही, कधीच.

आवाजाबद्दलही एक गैरसमज आधीच काढून टाकू. सगळा आवाज एक्झॉस्टचा नसतो. २२ इंची प्रॉप (प्रोपेलर) मिनिटाला ७००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे २०५ मीटर वेगाने फिरतं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सहा दशांश. ते टोकच ओरडत असतं. समजा प्रॉपचा आवाज ९० डेसिबल आणि एक्झॉस्टचाही ९०, तर दोन्ही मिळून ९३ होतात. महागडा सायलेन्सर लावून एक्झॉस्ट ८० वर आणला, तरी बेरीज ९० च्या खाली जात नाही. तक्रार आवाजाची असेल तर आधी एक इंच मोठा, थोडा संथ फिरणारा प्रॉप लावून पाहा. अनेकदा तेवढ्यावर भागतं.

पायरी १: जात ठरवा

बाजारात मुख्य चार जाती आहेत.

इंजिनबरोबर येतो तो साधा डबा. सिलिंडरच्या बाजूला चिकटतो, हलका असतो, आवाज बऱ्यापैकी मोठा. शिकाऊ माणसाने पहिल्या विमानावर हाच लावावा. काउलमधून थोडा बाहेर डोकावतो, डोकावू द्या.

दुसरा पिट्स पद्धतीचा. पिट्स स्पेशल या कसरतीच्या दुपंखी विमानावरून हे नाव पडलं. हा इंजिनच्या मागून वळसा घेऊन काउलमध्ये मावतो आणि खाली दोन नळ्या बाहेर काढतो. दिसायला देखणा, काउलही फारसं कापावं लागत नाही. मात्र तापलेला डबा काउलच्या आत बसतो, म्हणून हवेची सोय नीट हवी. कार्ब्युरेटर मागे असेल तर तो आणि हा डबा एकाच जागेसाठी भांडतात, तेही बघावं लागतं.

तिसरा कॅनिस्टर. इंजिनपासून पोलादी हेडर, म्हणजे धूर नेणारी नळी, निघतो आणि पोटाखालच्या बोगद्यात लांबट गोल डबा बसतो. आवाज सर्वांत मऊ. ५० सीसीच्या वरच्या कसरतीच्या विमानांत हा दिसतो. विमानात बोगदा मुळातच बांधलेला असेल तरच याच्या वाटेला जा. नसलेला बोगदा कोरून काढणं नवख्याचं काम नाही.

चौथा ट्यून्ड पाइप. धुराच्या दाबाची लाट पाइपच्या निमुळत्या टोकावरून परत येते आणि निसटू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे शास्त्र मोटरसायकलच्या शर्यतींत मुरलं. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात ते पुढे नेलं, आणि १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला तेव्हा ही विद्या त्याच्याबरोबर सुझुकीकडे गेली. एका धुराच्या नळीसाठी एवढं राजकारण! पण लाट योग्य क्षणी परतायला पाइपची लांबी नेमकी लागते आणि इंजिन त्याच फेऱ्यांवर चालवावं लागतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत याचा विचारही करू नका.

पायरी २: नाक मोजा

इंजिन किती सीसीचं एवढ्यावर सायलेन्सर मागवू नका. ३० सीसीच्या दोन वेगळ्या इंजिनांच्या एक्झॉस्ट बोल्टांमधलं अंतर वेगळं असू शकतं, भोकाचा आकारही. डीएलई ३० या इंजिनसाठी बनवलेला डबा दुसऱ्या कुठल्या ३० सीसीला बसेलच असं नाही. इंजिनचं पूर्ण नाव आणि आवृत्ती सांगून मागवा.

इंजिन फायरवॉलवर, म्हणजे ते बसतं त्या नाकातल्या भिंतीवर, चढवा, काउल लावा आणि आत हात घालून पाहा. सिलिंडर उभा आहे, आडवा की उलटा? एक्झॉस्टचं तोंड बाजूला आहे की मागे? बाजूला असेल तर काउल कापावं लागेल. मागे असेल तर धूर फायरवॉलच्या दिशेने निघणार, तिथे हेडरला वळायला जागा आहे का? पुठ्ठ्याचा खोटा सायलेन्सर कापून आत बसवून बघण्याचा जुना उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे. सगळ्या बाजूंनी किमान ६ ते १० मिमी मोकळीक हवी. पेट्रोल इंजिन सर्वांत जास्त हलतं ते फुल थ्रॉटलवर नाही, तर मंद चालीवर आणि बंद होताना. जमिनीवर स्थिर दिसलेलं अंतर त्या वेळी निम्मं होतं.

वजनही करून घ्या. पिट्सचा डबा नाकात भर घालतो, कॅनिस्टर मागे घालतो. बॅटरी इकडेतिकडे सरकवून तोल जमतो, पण ते आधी कळलेलं बरं.

पायरी ३: धातू

ॲल्युमिनियम हलकं आणि गंजत नाही, पण थरथरीने वेल्डिंगच्या कडेला तडे जातात. साधं पोलाद जड आणि चिवट, आतून मात्र गंज धरतं. स्टेनलेस दोन्हींतून सुटतं, किंमत मात्र जास्त पडते. ५० सीसीपर्यंत मी ॲल्युमिनियम वापरतो, हेडर मात्र नेहमी स्टेनलेसचा.

पायरी ४: जोड

आता खरं काम. यासाठी एक निवांत संध्याकाळ काढा.

आधी फ्लँज, म्हणजे सायलेन्सरची इंजिनला टेकणारी बोल्टांची पट्टी, सपाट आहे का ते पाहा. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, थेंबभर तेल टाका आणि फ्लँज आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासा. दहा-बारा वेळा घासून उलटा करा. जिथे चमक आली ती उंच जागा, जिथे काळंच राहिलं तो खड्डा. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँजची दोन टोकं किंचित वर वळलेली असणं नेहमीचं आहे. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासा. शेवटी आतली धूळ फडक्याने आणि फुंकरीने पूर्ण काढा, कारण राहिलेले कण इंजिनच्या तोंडाशीच बसणार असतात.

गॅस्केट घालायचा की नाही यावर मैदानात वाद घालत बसणारे पुष्कळ आहेत. माझं मत असं: जाड, मऊ गॅस्केट टाळा. तापून तो दबतो, आणि तो जितका दबला तितके बोल्ट ढिले. सपाट फ्लँजला पातळ धातूचा गॅस्केट, किंवा नुसता उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन सीलंटचा नखाएवढा पातळ लेप पुरतो. गॅस्केट घातलाच तर त्याची कड एक्झॉस्टच्या भोकात डोकावत नाही ना, हे बोटाने चाचपून बघा.

बोल्ट १२.९ प्रतीचे (हा पोलादी बोल्टच्या ताकदीचा आकडा), ॲलन की लागते तसे घ्या. साधे स्टेनलेसचे बोल्ट दिसायला छान, पण मऊ असतात, ताणले जातात. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, म्हणून आट्यांत बोल्ट त्याच्या जाडीच्या किमान दीडपट खोल जायला हवा. ५ मिमीचा बोल्ट असेल तर साडेसात-आठ मिमी. काडेपेटीतली काडी भोकात घालून खोली मोजा, म्हणजे बोल्ट तळाला टेकून खोटा घट्ट वाटणार नाही. बोल्टची टोकं अँटी-सीझ वंगणात बुडवा, नाहीतर वर्षभराने काढताना आटेच बोल्टबरोबर बाहेर येतील.

आता ते ढिले का होतात हे समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप पटतो. १ मीटर ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं की सुमारे २.३ मिमी वाढतं, पोलाद जेमतेम १.२. तुमचा फ्लँज ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. तापल्यावर फ्लँज फुगून बोल्टच्या डोक्याला रेटतो, डोक्याखालची मऊ जागा किंचित चेपते, आणि थंड झाल्यावर तेवढाच ढिलेपणा उरतो. वरून थरथर. निळा थ्रेडलॉक इथे भरवशाचा नाही. साधारण १५०-१८० अंशांच्या पुढे त्याची पकड सुटते आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी त्याहून जास्त तापतं. स्प्रिंग वॉशरची तर स्प्रिंगच मरते, हे मी सुरुवातीलाच भोगून सांगितलं.

दोन उपाय चालतात. एक, पाचरी वॉशरची जोडी. दोन चकत्या असतात. मोठ्या उताराच्या दातांच्या बाजू एकमेकींकडे ठेवायच्या आणि बारीक रेघांच्या बाजू बाहेर. उलट्या लावल्या तर त्या साध्या वॉशरसारख्याच निरुपयोगी. दुसरा उपाय सेफ्टी वायर: डोक्याला भोक पाडलेले बोल्ट आणि ०.८ मिमीची स्टेनलेस तार. तार अशी ओवायची की एक बोल्ट सुटायला लागला तर तो दुसऱ्याला घट्ट करील. हे काम किचकट वाटतं, पण एकदा केलं की मनाला निवांतपणा मिळतो.

पाना इंजिनच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंतच ओढा. टॉर्कचा पाना नसेल तर ॲलन की आखूड बाजूने बोल्टात घाला आणि लांब बाजू दोन बोटांनी ओढा, मुठीने नाही. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा. सिलिंडरचे आटे गेले तर त्यात पोलादी स्प्रिंगसारखा धागा बसवता येतो, पण ते यंत्रशाळेत करून घ्या.

शेवटी गळती तपासा. इग्निशन बंद, प्लग काढलेला. प्रॉप फिरवून पिस्टन एक्झॉस्टचं तोंड झाकेल असा ठेवा. सायलेन्सरच्या एका नळीला रबरी बूच लावा, दुसरीत नळी घालून तोंडाने फुंका आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. एखाददुसरा बारीक बुडबुडा चालेल. फेस आला तर पुन्हा उघडा.

पायरी ५: काउल आणि हवा

नळी काउलमधून बाहेर येते तिथलं भोक नळीपेक्षा चारही बाजूंनी ६ मिमी तरी मोठं हवं. घासलेल्या काउलची पांढरी भुकटी नळीवर दिसली की भोक लहान आहे हे नक्की.

पुढून किती हवा शिरते यापेक्षा मागून किती निघते याला जास्त महत्त्व आहे. बाहेर जायची वाट आत येणाऱ्या वाटेच्या दोन ते तीनपट ठेवा. शिरलेली हवा सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पात्यांमधूनच गेली पाहिजे, म्हणून बाकीची उघडी जागा बाल्साच्या किंवा पातळ प्लायच्या पडद्याने बंद करा. पिट्सच्या डब्याजवळ काउलच्या आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. इग्निशनची तार, टाकीची नळी, सर्व्होची (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरची) वायर, यांतलं काहीही सायलेन्सरला टेकता कामा नये. टेकणारच असं वाटत असेल तर वाट बदला, नुसतं गुंडाळू नका.

कॅनिस्टर असेल तर हेडर आणि डबा यांच्यामध्ये टेफ्लॉनची बाही येते, सिलिकॉनची नाही. टेफ्लॉन साधारण २६० अंशांपर्यंत टिकतं, सिलिकॉन इथे भाजून फाटतं. बाहीच्या आत दोन्ही नळ्या जवळपास टेकलेल्या, दोन-तीन मिमी अंतरावर ठेवा. फट मोठी राहिली तर ज्वाळा थेट टेफ्लॉनवर पडते. डब्याचा मागचा टेकू मऊ रबरी कड्यांचा असावा, कारण इंजिन हलतं तसा डबाही हलला पाहिजे. कडक बांधलात तर हेडर मोडेल. बोगद्याच्या लाकडाला डबा कुठेही लागू देऊ नका.

पायरी ६: पहिला चालू

उघड्यावर, विमान घट्ट बांधून, पाण्याची बादली किंवा अग्निशामक जवळ ठेवून. बंद खोलीत पेट्रोल इंजिन कधीही चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सायलेन्सर बदलला की कार्ब्युरेटरच्या इंधन ठरवणाऱ्या सुईची जुनी जुळणी गेली असं समजा. हाय सुई (जास्त फेऱ्यांवरची) एक अष्टमांश फेरा उघडून, म्हणजे थोड्या जास्त इंधनावर सुरुवात करा. जुना आणि नवा, दोन्ही सायलेन्सर त्याच प्रॉपवर, त्याच दिवशी चालवून फेरे मोजा आणि वहीत लिहा. फेरे फार पडले तर डबा अडवतोय. इन्फ्रारेड तापमापकाने सिलिंडरच्या डोक्याचं तापमानही दोन्ही वेळी एकाच जागी मोजा. आकड्यापेक्षा फरक बघायचा.

पहिली टाकी संपली की पूर्ण थंड होऊ द्या आणि बोल्ट आवळा. किती फिरला ते पाहा. पाव फेरा फिरला तर घाबरू नका, पहिल्यांदा तेवढं होतंच. प्रत्येक टाकीनंतर हेच करा, बोल्ट हलेनासा झाला की थांबा. साधारण तीन-चार टाक्या लागतात. सेफ्टी वायर त्यानंतर ओवा.

नेहमीची नजर

दर दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी थंड सायलेन्सर हाताने धरून हलवा. हलतोय तो सायलेन्सर की अख्खं इंजिन, हा फरक बोटांना दोन-चार वेळांत कळतो. मग जोडाभोवती बघा. नळीच्या टोकाला काळपट तेल ठिबकणं नेहमीचं आहे. ५० ला १ या प्रमाणात म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये २० मिली तेल असतं, त्यातलं काही बाहेर पडणारच. पण फ्लँजच्या रेषेतून पंख्यासारखी पसरलेली काळी रेघ दिसली तर जोड गळतोय. त्या दिवशी उडवू नका.

उडताना कान ठेवा. आवाज अचानक फाटका झाला तर थ्रॉटल कमी करून उतरा. "एवढी फेरी पूर्ण करतो" म्हणू नका. उतरल्यावर उत्साहात डब्याला हात लावणारेही मी पाहिलेत. दहा मिनिटं थांबा.

काजळी आणि तडे

चांगलं तेल आणि नीट जुळलेली सुई असेल तर काजळी हळू साठते. मी हंगामाच्या शेवटी एकदा सायलेन्सर काढतो. बाहेरून रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश. आत रॉकेल भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी ओतायचं आणि मूठभर नट आत टाकून खुळखुळवायचं. नट टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा. एकदा एक नट आतल्या पडद्यामागे अडकला आणि तासभर माझा खुळखुळा झाला.

ओव्हन किंवा नाली साफ करायच्या पातळ औषधात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियम खातो आणि खाताना हायड्रोजन सोडतो. रात्रभर ठेवलात तर सकाळी डब्याला खड्डे पडलेले दिसतील. पोलादी डब्याला हे चालतं, ॲल्युमिनियमला नाही.

साफ झाल्यावर भिंगातून वेल्डिंगच्या कडा बघा, खासकरून नळी डब्याला मिळते तिथे आणि फ्लँजच्या मुळाशी. केसासारखी काळी रेघ दिसली, ती पुसली तरी परत उमटली, की तो तडा. टोकाला बारीक भोक पाडून तडा थांबवण्याची युक्ती सांगतात, पण गरम, थरथरत्या डब्यावर ती काही दिवसच टिकते. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडून डाग लावून घ्या, मात्र आधी आतलं तेल पूर्ण जाळून किंवा धुऊन काढा, नाहीतर डाग सच्छिद्र होतो. वेल्डिंगनंतर फ्लँज पुन्हा काचेवर घासून सपाट करा, तो हमखास वळलेला असतो. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर सायलेन्सर बदला आणि प्रॉपचा समतोलही तपासा. असमतोल प्रॉपची थरथर नव्या सायलेन्सरलाही त्याच जागी मोडेल.

विमान महिनोन्महिने ठेवायचं असेल तर नळ्यांची तोंडं सुती कापडाच्या बोळ्यांनी बंद करा, नाहीतर कोळी आणि कुंभारमाशी आत घर करतात. बोळ्यांना लांब लाल फीत बांधा. फीत नसलेला बोळा पुढच्या हंगामात तसाच आत राहतो आणि इंजिन का चालू होत नाही म्हणून तुम्ही कार्ब्युरेटर खोलून बसता.